बशीरमिस्त्रींचा कोपरा

दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या, काकू, तुमच्या सुतारकामातलं काहीतरी लिहा, पण खरं लिहा. खरंच लिहायचं तर आधी एक सांगून टाकते. मी जळकी बाई आहे. कुणाच्या साडीवर जळले नाही, दागिन्यावर नाही, जावेचा मुलगा पुण्याला कंपनीत लागला तेव्हाही नाही. पण दुसऱ्याच्या हातचा जोड बघितला, दोन लाकडं अशी बसलीत की मध्ये केस जायचा नाही, की मला ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. आता गुडघे गेले, रंधा ओढवत नाही, तरी कुणाकडे गेले की आधी खुर्ची उलटी करून बघते. सून म्हणते, "आई, माणसं चहा द्यायलीत आन तुमी खुर्ची काय तपासताय."

मंचरला आमचं घर, घरापुढे पत्र्याची शेड. मालक, म्हणजे आमचे हे, पिढीजात सुतार. चौकटी, खिडक्या, दिवाण, सगळं करायचे. एका घराचे वासे चढवताना वरून पडले आणि पाठीतून गेले ते गेलेच. मग खाटेवर ते आणि शेडमध्ये मी. मला कुणी शिकवलं नाही. दहा-बारा वर्षं मी फळीचं दुसरं टोक धरून उभी राहिले होते. करवत कुठं अडते, रंधा कुठं उडी मारतो, सगळं बघून झालं होतं. मलाच ते ठाऊक नव्हतं.

गिऱ्हाईक यायचं, शेडमध्ये डोकवायचं.

"मिस्त्री हायेत का?"

"मीच आहे. बोला."

"न्हाई, मिस्त्री म्हनलं मी."

"आतमध्ये खाटेवर हायेत. त्यांना विचारून या, ते तुमाला माझ्याकडंच धाडतील."

माणूस आत जायचा, बाहेर यायचा आणि मला म्हणायचा, "मग सुतारीणबाई, एक चौकट करायची व्हती." चौकट व्हायची, चांगली व्हायची, पण शेवटपर्यंत सुतारीणबाई. सुतारीण म्हणजे सुताराची बायको. मिस्त्री म्हणजे ज्याचा हात आहे तो. मला मिस्त्री व्हायचं होतं. एवढीच माझी हाव, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. घोडेगावला शिंदेबाई म्हणून प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्याकडे फोन आला. तेव्हा आळीत एका घरी फोन आला की सगळ्या आळीला आल्यासारखा असायचा. मुंबईचे फोन, पोरीच्या सासरचे फोन, सगळ्यांचे तिथंच. बाईंना फोन ठेवायला बैठकीच्या कोपऱ्यात तीन फळ्यांचं काहीतरी हवं होतं. वर फोन, मध्ये फोनची वही, खाली फुलदाणी. त्या त्याला कॉर्नर म्हणायच्या, मग मीही म्हणायला लागले. मला वाटलं, हे काम साधलं तर बास. सगळी आळी फोनला येणार, उभ्या उभ्या माझ्या फळ्या बघणार. घोडेगावात तरी मला मिस्त्री म्हणतील.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉर्नर म्हणजे दिसायला सोपा. तिकोनी फळी, दोन कडा भिंतींना, पुढची कड गोलाई दिलेली. भिंतीत भोक पाडून लाकडाची मेख ठोकायची, तिला गिट्टी म्हणतात. गिट्टीत स्क्रू, स्क्रूनं भिंतीला पट्ट्या आणि पट्ट्यांवर फळी. झालं. दोन कडा एकमेकींशी काटकोनात हव्यात. ते बघायला गुण्या असतो, लोखंडाचा आणि लाकडाचा, बारीकसा. मालक गुण्या पूजेला ठेवायचे. म्हणायचे, "मानूस खोटं बोलंल, गुण्या न्हाई."

जुन्या दाराचं सागवान होतं माझ्याकडे, अत्तरासारखा वास यायचा. त्याच्या फळ्या केल्या. गुण्या लावून लावून कडा तासल्या, उजेडात धरून बघितल्या. सगळ्यात खालच्या फळीच्या पोटाला, कोपऱ्याच्या टोकाजवळ, एका कडेला लागून, पटाशीच्या कोपऱ्यानं 'श्री' कोरलं. प्रत्येक कामात एका ठिकाणी मी ते कोरायचे. नाव कोरायची छाती नव्हती, म्हणून श्री.

चादरीत गुंडाळून फळ्या एसटीत घेऊन निघाले. कंडक्टर म्हणाला, "मावशे, पाट हायेत का?"

"कॉर्नर आहे."

"मंग जरा सीटखाली सरकवा, लोकं आडकत्यात."

बाईंच्या घरी गिट्ट्या ठोकल्या, पाणसळीनं पातळी बघून पट्ट्या मारल्या, पहिली फळी ठेवली. डावी कड भिंतीला अशी चिकटली की मीच हसले. मग उजवीकडे बघितलं. कोपऱ्यात बसलेली, पण पुढं येता येता भिंत लांब गेलेली. टोकाला माझी करंगळी आत गेली. फळी काढली, फुंकली, परत ठेवली. उजवी कड चिकटवली तर डावी सुटली. दुसरी फळी तशीच, तिसरी तशीच. गुण्या काढून फळीला लावला. फळी बरोबर होती. मग चुकलं कुठं, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. बाई शाळेत गेलेल्या होत्या, ते एक बरं. लाकडाचा भुसा आणि पांढरा डिंक कालवून ती फट बुजवली, वरून पॉलिशचा हात मारला आणि घरी आले. मालकांनी विचारलं, "झालं?" मी म्हणाले, "झालं."

दीड महिन्यात भुसा वाळून पडला. फोनशेजारी ठेवलेलं पेन घरंगळत फटीतून खाली जायला लागलं. कुणाचा तरी फोन यायचा, नंबर लिहून घ्यायचा असायचा आणि सगळी आळी खाली वाकून पेन शोधायची. बाई रागावल्या नाहीत. मंचरला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "काकू, ते पेन पडतंय हो." मी म्हणाले, "येते बघायला." गेले नाही. जाऊन करणार काय होते?

मग मंचरच्या बाजारात बाईंची शेजारीण भेटली, शोभा. कांद्याच्या ढिगापुढं उभी राहून मला म्हणाली, "काकू, तुमचा कॉर्नर काढला की बाईंनी. जुन्नरवरनं मिस्त्री आनला, बशीरमिस्त्री. आसा बसवलाय, आसा बसवलाय, जनू भितीतूनच उगावलाय."

"आणि माझ्या फळ्या?"

"त्या गेल्या आसतील बंबात."

बशीरमिस्त्रींना मी तोवर बघितलेलं नव्हतं, पण नाव माझ्या कानात ठुसठुसत होतं. कुणाकडे चांगला दिवाण दिसला की बशीरमिस्त्री. देव्हाऱ्याची कमान नाजूक आहे, बशीरमिस्त्री. आता तर माझ्या फळ्या बंबात घालून त्यांच्या बसल्या होत्या. आठवडाभर माझं कामात चित्त लागेना. मालक म्हणाले, "कुनी मेलंय का?"

"कुणी नाही."

"मग मेल्यावानी तोंड का?"

संक्रांत आली. आता एक गुपित सांगते. पुरुष सुताराला दुसऱ्या सुताराचं काम बघायचं तर निमित्त काय सांगणार? कुणाच्या घरात शिरणार कसा? आम्हाला मात्र संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत सगळी घरं उघडी. मी हळदीकुंकवाला जायची ती तिळगुळासाठी नाही. गेले की कोपऱ्याजवळची जागा धरायची, आणि बायका बोलण्यात गुंतल्या की अंबाड्यातला आकडा काढून लाकूड आणि भिंत यांच्यामध्ये घालून बघायची. केसातला आकडा पातळ, त्याच्याइतकी फट कुणी लपवू शकत नाही. आकडा आत गेला की मला तिळगूळ गोड लागायचा. अशी मी.

शिंदेबाईंकडे वीसेक बायका. कॉर्नरवर फोन, फोनला विणलेला रुमाल, शेजारी पेन. मी सरकत सरकत त्याच्या खाली जाऊन बसले. पेठची एक बाई होती, वैशाली, हायवेला त्यांचं किराण्याचं दुकान. ती म्हणाली, "कुणी केलंय हो हे? आमचं नवीन घर चाललंय, आसंच करायचंय मला."

शोभा लगेच, "बशीरमिस्त्री, जुन्नरचे. हातच वेगळा."

सगळ्या म्हणाल्या, हो ना, हात वेगळाच. मी पदर सावरायचं करून आकडा काढला. डावीकडे लावला, गेला नाही. उजवीकडे, जिथं माझी करंगळी गेली होती तिथं लावला. गेला नाही. टोकाशी लावला, कोपऱ्यात लावला. कुठंच नाही. माझ्या तोंडात तिळगूळ होता, तो तसाच राहिला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, जखमेवरची खपली काढावी तसं मी खालच्या फळीच्या पोटाला हात लावला. आणि बोटांना 'श्री' लागली.

माझीच फळी. वेलांटीजवळ पटाशी जरा सटकली होती, तो ओरखडासुद्धा तिथंच.

वीस बायका ज्याचं कौतुक करत होत्या ते माझं लाकूड, माझी गोलाई, माझं पॉलिश. आणि मी खाली बसून आकडा परत अंबाड्यात खोचत होते. बोलणार काय? माझं आहे म्हणाले तर पुढचं वाक्य बोलावं लागलं असतं, की माझी फट पडली होती आणि त्यांनी ती मिटवली. शिंदेबाईंनी माझा हात फळीखाली बघितला आणि नजर फिरवली. निघताना दारात मला वाण देताना हळूच म्हणाल्या, "काकू, मिस्त्रींनी नवीन केल्याच नाहीत. म्हणाले, एवढ्या चांगल्या फळ्या कशाला टाकायच्या. मीच बायकांना बोलले नाही. चारचौघींत तुमची फट कशाला काढायची?"

त्यांनी माझी लाज राखली होती. मला तेही सोसलं नाही.

मंचरला येणाऱ्या एसटीत बसल्यावर एक गोष्ट डोक्यात आली आणि मग ती जाईना. लाकडाला दोरे असतात. दोऱ्याच्या दिशेनं रंधा मारला तर लोण्यासारखा जातो. आडव्या दोऱ्यावर मारला तर रंधा थडथडतो, लाकूड चिरफाळतं, बोटभर जागेला घाम निघतो. तिकोनी फळीची एक कड उभ्या दोऱ्याची, एक आडव्या. फट मिटवायला दोन्हींतली कुठलीही एक कड कोपऱ्याकडून तिरकी तासली तरी चालणार होतं. कुठलाही शहाणा माणूस उभ्या दोऱ्याची तासेल. पण माझी श्री त्याच कडेला लागून होती, आणि ती शाबूत होती. म्हणजे त्या माणसानं ती फळी आडव्या दोऱ्यावर तासली होती. का?

दोन दिवसांनी जुन्नरला गेले. मालकांना सांगितलं, बिजागऱ्या आणायला जाते. "मंचरात बिजागऱ्या मिळंना झाल्यात का?" असं त्यांनी विचारलं, पण मी निघालेली होते.

बशीरमिस्त्रींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बारीक माणूस, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मी सांगितलं, मंचरची सुतारीण. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"श्रीवाल्या बाई तुमीच का? बसा बसा. झुबेदा, च्या ठेव. घोडेगावच्या फळ्यावाल्या बाई आल्यात."

मी भांडायचं ठरवून गेले होते. भांडणाचं पहिलं वाक्यसुद्धा पाठ होतं. म्हणाले, "माझ्या फळ्यांना हात लावायच्या आधी मला विचारायचं तरी."

"खरंय," ते म्हणाले. "विचारायला पायजे व्हतं. पन तुमी मंचरला, बाईंचं पेन रोज खाली."

"फळी गुण्यात होती. मी तीनदा बघितली होती."

"व्हती की. फळी येकदम गुण्यात. पन बाई, ज्यानं घर बांधलं त्यानंच गुण्या लावला न्हाई, मंग तुमी लावून काय उपेग? कोपरा फाकलाय त्यो."

एवढी वर्षं फळी तपासत आले, भिंत तपासावी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी एक फळी भिंतीला धरली आणि खालून एक लाकडाची चीप उचलली, काडेपेटीएवढी. तिच्या एका अंगाला पेन्सिल टेकवली आणि दुसरं अंग भिंतीला लावून सरकवत नेली. भिंतीला धरलेल्या फळीवर रेघ उमटत गेली. भिंत जिथं आत तिथं रेघ आत, भिंत बाहेर तिथं रेघ बाहेर. "भीतच आपलं माप काढून देती बगा," म्हणाले. "त्या रेघंवर तासायचं. बास."

एवढंच. पोरखेळ वाटावा एवढं सोपं. मला वाटलं, ही चीप घ्यावी आणि त्यांच्याच कपाळात मारावी.

मग विचारलं, "आडव्या दोऱ्याची कड का तासली? उभ्याची पाच मिनिटांत झाली असती."

ते चष्मा पुसायला लागले. "उभ्या कडंला तुमची अक्षरं व्हती. रंदा त्याच्यावरनं गेला आसता."

आत झुबेदाभाभी चहा गाळत होत्या. मला कळेना कुठं बघावं, म्हणून मी त्यांच्याकडे बघून हळदीकुंकवाचं सगळं सांगून टाकलं, आकड्यासकट. भाभी इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. "आन ह्ये मला म्हनत्यात, बायका निस्त्या गप्पा मारायला जात्यात."

निघताना बशीरमिस्त्रींनी ती चीप माझ्या पिशवीत टाकली. "ऱ्हाऊ द्या, आसल्या लई पडल्यात."

त्यांनी ती युक्ती लपवून ठेवली असती तर मला बरं वाटलं असतं. हाताचा हेवा होताच, आता त्यांच्या सढळपणाचाही वाटायला लागला. येताना एसटीत मी ती चीप मुठीत धरून बसले होते, आणि खरं सांगते, आभार मानायचे राहूनच गेले. पुढंही कधी मानले नाहीत. आता मिस्त्री नाहीत.

घरी येऊन मालकांना करून दाखवलं. आमच्याकडे फट पडली की वरून बारीक पट्टी मारून झाकायची रीत. त्यांच्या वडलांनीही तेच केलेलं. मालक म्हणाले, "जल्मभर पट्ट्याच मारल्या आमी." आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ते नसतं दाखवलं तर बरं झालं असतं, असं मला आजही कधी कधी वाटतं.

उन्हाळ्यात पेठची वैशाली शेडमध्ये आली. शिंदेबाईंना शेवटी राहवलं नव्हतं, त्यांनी तिला खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, "काकू, फळ्या तुमीच करा. बसवायला बशीरमिस्त्रींना बोलवू. दारं त्यांच्याकडंच दिलीत, त्ये येनारच हायेत."

हसून म्हणाली बिचारी, पण मला फळीवर फळी आपटावीशी वाटली. म्हणाले, "करीन तर सगळं मीच. बसवल्यावर आकडा आत गेला तर फळ्या खुशाल बंबात घाल."

"कसला आकडा?"

"तू घाल, एवढंच सांगते."

स्लॅबचं नवं घर, पण गिलावा भाकरीसारखा फुगलेला. फळी धरली, चीप फिरवली, रेघ काढली, तासली. लावून बघितली, अजून काढली. एकेक फळी चार-चारदा भिंतीला नेली. बाहेरच्या अंगाला बशीरमिस्त्रींची माणसं दार चढवत होती, त्यांचा रंधा ऐकू यायचा. ते स्वतः एकदाही आत डोकवायला आले नाहीत. मला वाटलं, आमच्या कामाची त्यांना काय पडलीय. त्याचंही मला वाईट वाटलं. जळणाऱ्याला कुणी दुर्लक्ष केलेलंही सोसत नाही.

वास्तुशांतीला सगळ्या कारागिरांना जेवण होतं. पुरुषांच्या पंगती मांडवात, बायकांच्या आत. मी घरच्यासारखी वाढायला उभी होते. बैठकीत कॉर्नरवर त्यांनी पितळी समई आणि घड्याळ ठेवलं होतं. पंगत बसायला वेळ होता. बघते तर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई कॉर्नरजवळ पाठमोरी उभी. पदराखाली हात गेला, केसातून काहीतरी काढलं आणि हात फळीकडे गेला.

मी हातातलं जिलबीचं ताट तसंच धरून थांबले. डावीकडे लावलं. उजवीकडे लावलं. टोकाशी जरा जास्त वेळ लावलं. मग फळीच्या खालून बोटं फिरवली आणि एका जागी थांबवली. तिथं श्री होती.

वळल्या त्या झुबेदाभाभी. मला बघून लाजल्या, मग दोघी हसलो. आकडा परत केसात खोचता खोचता म्हणाल्या, "ह्यांनीच लावून दिलं मला. रोज इथं येत व्हते, पन आत यायचं धाडस न्हाई झालं. मला म्हनले, तू बायकांत जाशील, बगून ये."

"मग? काय सांगणार त्यांना?"

"काय न्हाई." त्या पंगतीकडे चालायला लागल्या. "त्ये म्हनले व्हते, आकडा आत गेला तर येऊन सांग. न्हाई गेला तर गप ऱ्हा. आता मी गपच ऱ्हानार."

पंगत बसली. मी जिलबीचं ताट घेऊन पहिल्यांदा त्यांच्या पानाशी गेले आणि त्या नको नको म्हणत असताना चार वाढल्या.